अल्बममधलं नववं गाणं

माझा भाऊ सत्तरीला टेकल्यावर आत्मचिंतन करायला बुऱ्हाणपूरला आला. रिक्षातून उतरल्या उतरल्या त्याने मला विचारलं, "गीझर चालतो ना गं?" गीझर चालत नव्हता. मग दोन दिवस त्याचं चिंतन त्या एकाच विषयावर चाललं. पुढच्या महिन्याभरात दुसऱ्या कशाचाही त्याने इतक्या मनापासून विचार केल्याचं मला आठवत नाही.

हे मी चिडून लिहिते आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. मी मुळातच चिडकी. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं, तेही मध्य प्रदेशात, जिथे वर्गातली निम्मी पोरं "मॅडम, मेरे को नही समजलं" अशा भाषेत शंका विचारतात. एवढं करून माणूस गोड राहत नाही. आता रिटायर झाले, समोर पोरं नाहीत, जीभ मात्र तशीच आहे.

तर भाऊ. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणते, तो मला छोटी म्हणतो, अजूनही. वडील लवकर गेले, आणि अठराव्या वर्षी हा इंजिनिअर व्हायला म्हणून मुंबईला गेला तो गिटार घेऊन बसला. पुढची चाळीसेक वर्षं त्याने रॉक संगीत केलं. इंग्रजीत. मी इंग्रजीला कमी लेखत नाही, पण हा जे गायचा ते इंग्रजांनाही कळलं नसतं. एकदा त्याने आईला कॅसेट आणून दिली होती. आईने ती पूर्ण ऐकली आणि विचारलं, "याला कुणी मारतंय का?" बँडचं एके काळी मोठं नाव होतं असं तो सांगतो. तीन-चार माणसं मला बाहेरही भेटली जी असंच म्हणाली, तेव्हा असेल.

दोन-तीन वर्षांतून एकदा यायचा. यायचा म्हणजे सकाळच्या गाडीने उतरायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने जायचा. एका वर्षी आईसाठी लोकरीचा स्वेटर घेऊन आला. बुऱ्हाणपुरात. मे महिन्यात. आईने तो शेजारपाजारच्या सगळ्या बायकांना दाखवला आणि कपाटात ठेवला, आणि मी सहा वर्षं त्यात डांबराच्या गोळ्या घालत राहिले.

ती सहा वर्षं आई अंथरुणावर होती. कंबरेखालचं अंग गेलं होतं, डोकं शाबूत. सकाळी शाळेत जायच्या आधी मी तिचं सगळं करायचे, दुपारी येऊन पुन्हा करायचे. मधल्या वेळात समोरच्या काकू येऊन बसायच्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, जरी त्या बसल्या बसल्या माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं उघडून बघायच्या. आई जेवायची नाही ही मोठी अडचण होती. ताट समोर ठेवलं की तोंड फिरवायची आणि विचारायची, "त्याचा फोन आला होता?"

एका रविवारी मला शाळा नव्हती, अंगात त्राण नव्हतं, आणि वरणभात निवत चालला होता. मी म्हटलं, "आला होता. तू झोपली होतीस. विचारत होता, आई काय जेवली आज. आता काय सांगू मी त्याला?" आईने माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. सगळा भात संपवला.

मग काय, सापडली गुरुकिल्ली. दर रविवारी दादाचा फोन येऊ लागला, आणि नेमका आई झोपलेली असतानाच. मी शिक्षिका, मला धडे तयार करायची सवय. कधी दादाला सर्दी व्हायची, कधी तो गावाला जायचा, कधी पाठ दुखायची. एकदा मी त्याला आईवर थोडा रागावायलाही लावलं, औषध घेत नाही म्हणून, तर आई आठवडाभर खूष होती. पण शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा, आई काय जेवली आज. आई ते काकूंना सांगायची, काकू नळावर सांगायच्या, आणि असं करत करत आमच्या अख्ख्या गल्लीत माझा भाऊ दर रविवारी आईला न चुकता फोन करणारा मुलगा झाला. लोक आपल्या पोरांना त्याचं उदाहरण द्यायचे. मी ऐकायचे आणि पुढच्या रविवारची तयारी करायचे.

खरं म्हणजे तो वर्षातून दोनदा फोन करायचा. दिवाळीला, आणि त्याच्या स्वतःच्या वाढदिवसाला, कारण त्या दिवशी त्याला आईची आठवण यायची.

पुढे एकदा तो आला असताना आई माझ्यासमोरच त्याला म्हणाली, "दर रविवारी फोन करतोस ना, काय जेवले ते विचारतोस, फार बरं वाटतं रे." मी चहा गाळत होते. हात थांबला. म्हटलं, आता हा बघेल माझ्याकडे, काहीतरी विचारेल. तो आईचा हात हातात घेऊन म्हणाला, "करायलाच पाहिजे ना आई." उचकीसुद्धा लागली नाही त्याला. त्या क्षणी माझ्या मनातून हा माणूस उतरला तो उतरलाच. न केलेल्या कामाचं श्रेय घ्यायला शाळेतली पोरंही निदान थोडी लाजतात.

आई गेली तेव्हा तो तिसऱ्या दिवशी पोचला. दहाव्यापर्यंत राहिला, हे त्याच्या हिशेबाने फार झालं. दहाव्याला तापीवर केस उतरवायचे असतात. याची ती शेंडीसारखी बांधलेली पांढरी वेणी. न्हाव्याला म्हणाला, "एक बट काप, भावना महत्त्वाची." न्हाव्याने एक बट कापली. हे मला नंतर पुरुषांनी हसत हसत सांगितलं.

आता एक गोष्ट सांगावी लागेल, नाही तर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे मयताच्या घरी दारावर येणारी बाई नुसती रडत नाही, ती बोलत रडते. गळ्यात पडून, पदर तोंडावर घेऊन, एका चालीत, गेलेल्या बाईला हाक मारत मारत तिचं सगळं आयुष्य बोलून दाखवते. घरातल्या लेकीने त्याला तसंच उत्तर द्यायचं असतं. खेड्यातून आलेल्या आईच्या बहिणी ते असं करायच्या की भिंतींना पाझर फुटावा. मला ते कधी जमलं नाही. लाज वाटायची. मी दहा दिवस नुसती सगळ्यांच्या खांद्यावर मान टाकून उभी राहिले. काकू म्हणाल्या, "बोल बेटा, बोलून रड, नाही तर छातीत बसेल."

दहाव्या दिवशी पुरुष तापीवर गेले. बायका स्वयंपाकासाठी समाजाच्या हॉलवर गेल्या. दोन तास मी घरात एकटी होते, दहा दिवसांत पहिल्यांदा. आईच्या रिकाम्या पलंगापाशी खाली बसले, पदर तोंडावर घेतला, आणि माझ्या तोंडून आईच्या माहेरची बोली बाहेर पडली, जी मी जन्मात कधी शाळेत काय, घरातही बोलले नव्हते. खोटं सांगे मी तुले, व माय. त्याचा फोन एक रविवार आला नही. तू चार घास खाशील म्हणून सांगे. तुह्या डोयात पाणी ये, अन मी तिकडं तोंड करून भांडे घासे. तो तुले विसरला, व माय, मीच त्याचं तोंड झाली. असं किती तरी वेळ. आणि सगळ्यात शेवटी जे निघालं ते मला स्वतःलाही माहीत नव्हतं. मले कोणी नही विचारलं काय जेवली म्हणून. तू बी नही, व माय.

एवढं बोलून मी उठले, तोंड धुतलं, आणि हॉलवर पुऱ्या लाटायला गेले. बरं वाटत होतं. कुणी ऐकलं नाही याचं तर फारच बरं वाटत होतं.

देव्हाऱ्याच्या फळीवर काडेपेटीएवढं एक काळं यंत्र ठेवलेलं होतं. मला वाटलं मोबाइलचा चार्जर. ते रेकॉर्डर होतं. तापीवर जाताना दादाने ते चालू करून ठेवलं होतं, कारण त्याला म्हणे आई नसलेल्या घराचा आवाज हवा होता. हे मला दोन वर्षांनी कळलं.

तर दोन वर्षांनी तो गीझरवाला महिना आला. त्याला सोलो अल्बम करायचा होता. सोलो म्हणजे काय, तर बँडमधला एक जण वारला, एक अमेरिकेत मुलीकडे राहतो, आणि एक याच्याशी बोलत नाही. उरला हा. म्हणाला, "छोटी, आता आवाज चढवायचा नाही, आता आत बघायचं." सत्तर वर्षं बाहेर बघून झाल्यावर आत बघायला निघालेला माणूस. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

आईच्या खोलीत त्याने स्टुडिओ मांडला. खिडक्यांना गाद्या लावल्या, माझ्याच गाद्या. त्याला गावाची शांतता टिपायची होती. आमच्या मागच्या गल्लीत पावरलूम आहेत, सकाळी आठपासून खटखट. दोन दिवस डोकं धरून बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "हाच ताल आहे छोटी, हा माझ्या रक्तात आहे." मी म्हटलं, "रक्तात असता तर गाद्या कशाला लावल्यास?" तो हसला. माझं बोलणं त्याला नेहमीच विनोद वाटतं, हे त्याचं एक सुख आहे.

यंदा मराठीत गाणार होता, आयुष्यात पहिल्यांदा. मग मी स्वयंपाकघरात असले की बाहेरून हाका. "छोटी, उखळात कुटायच्या त्या दांड्याला काय म्हणतात?" मुसळ. "वा, काय शब्द आहे." मुसळ या शब्दाला वा म्हणणारा मी पहिलाच माणूस पाहिला. कव्हरवरच्या फोटोसाठी साहेब असीरगडाच्या पायथ्याशी गेले, काळं लेदरचं जाकीट घालून. किल्ल्याच्या पायऱ्या चढायच्या होत्या, पण वीस पायऱ्यांत दम लागला, म्हणून खाली बसून काढला. फोटोत तो फार खोल विचारात दिसतो. त्याला श्वास लागला होता.

महिन्याच्या शेवटी त्याने मला आईच्या खोलीत बसवलं आणि छोट्या स्पीकरवर नऊच्या नऊ गाणी ऐकवली. पहिली चार मी सोसली. नदी होती, केळीच्या बागा होत्या, वडिलांची सायकल होती, ती सायकल वडिलांनी कधी घेतलीच नव्हती, पण असो. पाचवं गाणं रविवारच्या फोनवर होतं.

मी सरळ झाले. एक गिटार आणि त्याचा तो फाटलेला, थकलेला आवाज, आणि मागे अगदी बारीक पावरलूमची खटखट. दर रविवारी फोनवरून ती खटखट ऐकू यायची, असं तो म्हणत होता. दर रविवारी तो आईला एकच प्रश्न विचारायचा, कारण बाकीचं विचारायचं धाडस नव्हतं. काय जेवलीस आज. हा प्रश्न गाण्यात पाच-सहा वेळा येतो, दर वेळी थोडा हळू.

माझ्या डोळ्यांना धार लागली. खरं तेच सांगते. गाणं चांगलं होतं, मेल्याचं. मी रडत होते आणि रडताना माझा संताप होत होता, कारण तो प्रश्न माझा होता. वरणभात निवत असताना मी तो उभ्या उभ्या रचला होता, आणि हा बाबा तो स्वतःची आठवण म्हणून गात होता. खोटं बोलत नव्हता तो, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. त्याला खरंच तसं आठवत होतं. आईने सांगितलं, याने मानलं, आणि कालांतराने याला आपण फोन लावल्याचंही आठवायला लागलं.

"रडतेस?" तो म्हणाला. फार खूष होता.

मग नववं लागलं. आधी नुसती घराची शांतता, पंख्याची करकर. मग एका बाईचा आवाज लांबून, विहिरीतून आल्यासारखा. त्याने तो संथ केला होता, घुमवला होता, खाली गिटारचा एकच सूर धरला होता. मला माझाच आवाज ओळखायला अर्धा मिनिट लागला. मग शब्द कळायला लागले. खोटं सांगे मी तुले, व माय.

संपल्यावर तो म्हणाला, "त्या दिवशीचं आहे. रेकॉर्डर चालू होता. तूच आहेस ना? हे पारंपरिक रडणं किती प्युअर आहे. मला एकदम माझ्या मुळापाशी गेल्यासारखं वाटलं."

"शब्द ऐकलेस?"

"शब्दांच्या पलीकडचं आहे गं ते."

शब्दांच्या पलीकडचं. बत्तीस वर्षं मी पोरांना उताऱ्याखालचे प्रश्न सोडवायला शिकवलं, आणि माझा सख्खा भाऊ उताराच न वाचता उत्तर लिहून मोकळा. आईची बोली तो लहानपणी ऐकत होता, अगदीच कळत नाही असं नव्हतं. पण पदराआडचं रडणं, त्यात याने केलेली ती घुमवाघुमवी. आणि मुळात, समोरचा काय म्हणतोय हे ऐकायची त्याला कधी सवयच नव्हती, त्याला फक्त आवाज ऐकू येतो.

मी म्हटलं, "हे काढ."

तो नाही म्हणाला. प्रेमाने नाही म्हणाला. अल्बमचा आत्मा आहे म्हणे. आणि आठवड्याने बुऱ्हाणपुरात कार्यक्रम ठरला होता, टाउन हॉलमध्ये, सगळा अल्बम पहिल्यांदा आपल्या गावाला ऐकवायचा. गल्लीतल्या सगळ्या बायकांना पहिल्या दोन रांगा राखून ठेवल्या होत्या. काकूंनी गुलबक्षी साडी इस्त्रीला दिली होती. त्या बायका आईच्या माहेरच्याच बोलीत भांडतात, हसतात. घुमवा नाही तर संथ करा, त्यांना एक शब्द सुटला नसता. आधी पाचवं गाणं ऐकून त्यांनी डोळे पुसले असते, नंतर नववं ऐकलं असतं. याचं नाक कापलं गेलं असतं, ते मला चाललं असतं, मी तर पेढे वाटले असते. पण आई त्यांच्यात सहा वर्षं मान ताठ करून पडली होती, या एका गोष्टीवर. आणि ती शेवटची ओळ. आईबद्दल मी तसं बोलले, हे काकूंच्या कानावर जायला नको होतं. मला दुसरं काहीच नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला टेबलापाशी बसवलं. कोरी वही दिली, पेन दिलं. म्हटलं, "लाव ते गाणं. एकेक ओळ थांबव. मी अर्थ सांगते, तू लिहून घे." त्याला वाटलं, अल्बमसोबत छापायला उपयोगी पडेल. आनंदाने बसला.

पहिली ओळ लिहिली. दुसरी लिहिली. तिसऱ्या ओळीला त्याचं पेन थांबलं. मी म्हटलं, "लिही." शाळेतला आवाज लागला होता माझा. त्याने लिहिलं. भाताचं लिहिलं, भांड्यांचं लिहिलं, तो तुला विसरला हेही लिहिलं, अक्षर अजून छान आहे त्याचं. शेवटची ओळ मी पुन्हा एकदा लावायला सांगितली. तो पेन धरून बसला होता, वहीकडे बघत. मग मी तीही सांगितली. त्याने तीही लिहिली आणि पूर्णविराम दिला.

मग म्हणाला, "म्हणजे मी फोन करत नव्हतो?"

"नाही."

"एकदाही?"

"दिवाळीला करायचास."

"पण मला आठवतं गं. काय जेवलीस म्हणून विचारायचो. मग तो प्रश्न कुणाचा?"

"माझा," मी म्हटलं. "पाचवं गाणं माझं आहे दादा. आणि नववंही. बाकीची सात तुझी आहेत."

तो उठून खिडकीपाशी गेला. पाठ वाकली होती. क्षणभर मला त्याची कीव आली. चिंतन चिंतन म्हणतात ते बहुधा आता कुठे सुरू होतंय, असं वाटलं. मी वाट बघत होते. कशाची, ते मला नक्की माहीत होतं. समोर वहीत त्याच्याच हाताने लिहिलेली ओळ होती की मला कुणी काही विचारलं नाही. सकाळचे अकरा वाजले होते आणि मी चहावर होते. एवढं लिहून घेतल्यावर कुणीही माणूस जे एक वाक्य बोलेल, त्याची मी वाट बघत होते.

तो वळला. म्हणाला, "छोटी, खरं सांगू? आता तर ते जास्तच जबरदस्त झालं."

मी म्हटलं, "दोन्ही ठेवता येणार नाहीत. पाचवं ठेवायचं तर नववं काढ. नववं ठेवायचं तर पाचवं काढ, आणि मग लोकांसमोर उभा राहून सांग की खरं काय ते."

"विचार करतो," तो म्हणाला. त्याच दिवशी दुपारच्या गाडीने गेला, मिक्सिंगचं काहीतरी तातडीचं निघालं म्हणून. गाद्या खिडक्यांनाच होत्या. स्टूल घेऊन मी काढल्या, एकटीने.

चार दिवसांनी मेसेज आला. त्याने विचार केला होता. दोन्ही गाणी ठेवली होती. काढला होता तो बुऱ्हाणपूरचा कार्यक्रम. लिहिलं होतं, तुझ्या भावनांचा आदर म्हणून गावात वाजवत नाही, बाहेर कुणाला ती भाषा कळत नाही, काळजी करू नकोस. खाली हात जोडल्याचं चित्र.

हुशार आहे, मानलं पाहिजे. इतक्या वर्षांत मला असा तोडगा सुचला नसता. जिथे कळेल तिथे बोलायचं नाही, आणि जिथे बोलायचं तिथे कुणाला कळणार नाही. पुढे अल्बम बाहेर पडला. शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंनी मला मोबाइलवर कुणीतरी लिहिलेलं पाठवलं. एका थकलेल्या बंडखोराचा प्रामाणिक कबुलीजबाब, असं काहीसं होतं. नवव्या गाण्याचं खास कौतुक होतं. तापीकाठच्या अनाम स्त्रीचा पारंपरिक विलाप, असं लिहिलं होतं. मी अनाम स्त्री. पेन्शनच्या कागदावर तरी नाव आहे म्हणायचं माझं.

पण त्याआधी, मेसेज आला त्याच दिवशी, कार्यक्रम रद्द झाल्याचं गल्लीत मलाच सांगावं लागलं, दुसरं कोण होतं. मी घरोघर गेले नाही, म्हटलं कळेल हळूहळू. पण काकू संध्याकाळी स्वतःच आल्या. ती गुलबक्षी साडी इस्त्रीहून आली होती, ती हातावर तशीच घडी घातलेली. वय झालंय त्यांचंही, दोन पायऱ्या चढल्या तर दाराशी टेकून उभ्या राहिल्या.

"काय गं, ऐकलं ते खरं? होत नाही कार्यक्रम?"

मी सांगणार होते. तोंडात आलं होतं सगळं, अगदी आईच्या बोलीत. काकूंनीच तर सांगितलं होतं, बोलून रड म्हणून. त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, आईसारख्याच, ताट समोर असताना बघायची तशा.

मी म्हटलं, "त्याची तब्येत बरी नाही काकू. पाठ धरली आहे. रविवारीच फोन आला होता."

काकूंच्या चेहऱ्यावर हायसं आलं. "येणारच," त्या म्हणाल्या. "रविवार चुकवायचा नाही तो. त्याला सांग, कार्यक्रमाचं काय, होईल पुन्हा कधी. म्हणावं तब्येतीला जप. आणि विचार त्याला, वेळेवर जेवतो की नाही."

मी म्हटलं, "पुढच्या रविवारी विचारते."